वळणावरचा बाक

एकतीस वर्षं ती एका पर्यटन कंपनीच्या कचेरीत चौकशीच्या खिडकीमागे बसली, आणि एकतीस वर्षांत एकाही गिऱ्हाइकानं तिचे पाय पाहिले नाहीत. खिडकीच्या चौकटीत मावेल एवढीच ती होती. चापून विंचरलेले केस, चष्मा, दोन हात, हातांखाली नकाशा. लहानपणी चार दिवसांच्या तापात डावा पाय गेला. त्याला मांडीपासून टाचेपर्यंत लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, आणि काखेत कुबडी. कुबडी ती टेबलाखाली आडवी ठेवी. सकाळी कचेरी उघडण्याआधी अर्धा तास मागच्या दारानं आत यायची, संध्याकाळी शेवटचं गिऱ्हाईक गेल्यावर उठायची. पुढच्या दाराला तीन पायऱ्या आहेत म्हणून, असं ती सांगे. तीन पायऱ्या तिला जड नव्हत्या. जड काय होतं ते कुणी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

खिडकीवर ‘चौकशी’ अशी पाटी होती, म्हणून सगळी कचेरी तिला चौकशीताई म्हणे. शेजारच्या खिडकीत पासपोर्ट तपासणारा बसे. वयानं दहा वर्षांनी लहान, जाड भिंगांचा, बोलका. तो पासपोर्ट. दोघांच्या मध्ये एक लाकडी फळी होती आणि फळीत एक भोक, त्यातून पासपोर्ट तिला बडीशेप आणि टोमणे दोन्ही पुरवायचा.

“ताई, आज किती देश फिरलात?”

“सकाळपासून चार.”

“याला म्हणतात उंटावरून शेळ्या हाकणं.”

“उंट कुठला? खुर्ची आहे. तीही डगमगते.”

लोक तिला विचारायचे, “तुम्ही गेलाय का तिथे?” पहिली दोन वर्षं ती खरं सांगायची. “नाही” म्हटलं की समोरचा माणूस नकाशावरची नजर उचलून शेजारच्या कंपनीच्या जाहिरातीकडे वळवायचा. तिसऱ्या वर्षापासून ती म्हणू लागली, “मी गेले होते तेव्हा थंडी होती. स्वेटर न्या.” थंडी काय, कुठंही कधी ना कधी असतेच. हळूहळू तिच्या तोंडी रस्ते आले, उजवीकडची तिकीटखिडकी आली, स्वच्छ आणि अस्वच्छ मुताऱ्या आल्या. हे सगळं ती परत आलेल्या लोकांकडून गोळा करायची आणि जाणाऱ्यांना द्यायची. खोटं म्हणावं तर त्यातलं बहुतेक खरं होतं. फक्त ‘मी’ तेवढा खोटा.

एका सहलीत सरोवराकाठचा जुना किल्ला होता. कंपनीच्या पुस्तिकेत त्याचे दोन फोटो होते. एक खालून, बसथांब्यावरून काढलेला. डोंगराला चिकटलेल्या दगडी पायऱ्या, अर्ध्यावर एक वळण. दुसरा वरून. सगळं सरोवर, पलीकडे बर्फाचे डोंगर, पाण्यावर तीन होड्या. वर जायला दोनशे तीस पायऱ्या, वळणापर्यंत एकशे दहा, असं खाली बारीक अक्षरांत छापलेलं.

बावीस वर्षांपूर्वी चित्रकलेचे एक निवृत्त मास्तर खिडकीशी आले. गुडघे गेलेले. बायको मागे उभी, तिला जायचंच होतं.

“एवढ्या पायऱ्या माझ्याच्यानं व्हायच्या नाहीत,” मास्तर म्हणाले. “मी खाली बसतो, ही जाऊन येईल.”

“खाली कशाला बसता?” चौकशीताई म्हणाली. “वळणावर दगडी बाक आहे. तिथून सगळं सरोवर दिसतं. वर जायची गरजच नाही.”

बाकाचं तिनं आधी ठरवलं नव्हतं. पण तो फोटो रोज तिच्या हाताखाली असायचा, आणि रोज तिच्या मनात यायचं, आपण गेलो तर इथं बसू. तर तो बाक तिथं होताच, तिच्यापुरता. त्या दिवशी तिनं तो मास्तरांना दिला.

मास्तर गेले, आले, आणि महिन्याभरानं तिच्यासाठी पेन्सिलीचं एक चित्र घेऊन आले. वळण, दगडी बाक, बाकावर पाठमोरी दोन माणसं, समोर सरोवर. “तुमचा बाक,” ते म्हणाले. “फार आधार झाला हो.” चित्र चौकटीत घालून तिच्या समोरच्या भिंतीवर लागलं. पुढच्या वर्षी सहलीच्या छापील कागदावर ओळ आली: ‘अर्ध्या वाटेवर विश्रांतीसाठी दगडी बाक.’ ती कुणी घातली हे कचेरीत कुणालाच नीट आठवत नव्हतं. तिलाही. दहा वर्षांनी तिचा भाऊ आणि वहिनी त्याच सहलीला जाऊन आले. तिनं विचारलं तेव्हा वहिनी म्हणाली, “हो हो, बसलो ना बाकावर. गार होता.” गार होता म्हटल्यावर आणखी काय पुरावा हवा?

आपण केलेली गोष्ट एवढ्या लोकांच्या हातांतून फिरून परत आली की ती आपली राहत नाही, खरी होते.

ती निवृत्त झाली तेव्हा निरोपाला काय हवं असं विचारलं गेलं. तिनं भिंतीवरचं चित्र मागितलं. आणि महिन्याभरानं, ती राहायची त्या भावाच्या घरी जेवताना, सांगून टाकलं, “दादा, मी सरोवराच्या सहलीला जाणार आहे. पुढच्या वर्षी.”

दादाचा घास हातात राहिला. “कुणाबरोबर?”

“कंपनीबरोबर.”

“आणि तू तिथं करणार काय?”

“बघणार.”

“अगं, टीव्हीवर दिसतं की सगळं. आणि पायऱ्या? तिथं लिफ्ट नाही.”

“एकशे दहा आहेत. मग बाक आहे.”

“वन्सं,” वहिनी डाळ वाढता वाढता म्हणाली, “तुमच्या जिद्दीचं मला कौतुकच आहे हो. पण परक्या मुलखात काही झालं तर धावायला आम्हीच ना?”

“तुम्ही धावू नका, वहिनी. मी धावत नाही, तर तुम्ही कशाला?”

भाऊ हसला. वहिनी हसली नाही. विषय तिथं संपला, असं त्या दोघांना वाटलं.

तिनं मात्र एकतीस वर्षं लोकांसाठी जे केलं ते आता स्वतःसाठी करायला घेतलं, आणि पहिल्यांदाच तिला कळलं की लोकांना ती किती कमी सांगत होती. ‘थोडं चालावं लागेल’ हे तिचंच वाक्य. थोडं म्हणजे किती? विमानतळाच्या दारापासून खिडकीपर्यंत, बसच्या पायरीची उंची, हॉटेलच्या न्हाणीघराचा उंबरा, धरायला दांडा आहे की नाही, कमोड केवढा उंच. ती पत्रं लिहायची, फोन करायची, उत्तरं वहीत उतरवायची. परदेशी हॉटेलवाले लिहायचे, ‘काळजी नसावी, सर्व सोयी आहेत.’ हे वाक्यही तिच्या ओळखीचं होतं. ती पुन्हा लिहायची: सोयी किती इंच?

कचेरीतली बाजू पासपोर्टनं सांभाळली. “विमानतळावर चाकाची खुर्ची सांगितली, ताई. बसमध्ये दाराजवळची सीट. हॉटेलात तळमजला. तुमचा थाट राणीचा ठेवलाय.”

राहिल्या पायऱ्या. भाऊ राहायचा त्या इमारतीला पाच मजले, मजल्याला बावीस पायऱ्या. पाच बावीसं एकशे दहा. हा हिशेब जुळला त्या दुपारी ती कितीतरी वेळ जिन्याकडे बघत राहिली. देव वगैरे ती फारसं मानत नव्हती, पण कुणीतरी मोजून ठेवल्यासारखं वाटलं.

तिनं दुपारी जिना चढायला सुरुवात केली, इमारत कामावर गेलेली असताना. कॅलिपरला गुडघ्याशी एक कडी असते. ती पाडली की पाय काठीसारखा ताठ राहतो, उचलली की दुमडतो. बसायचं तर कडी उचलायची आणि गुडघ्याएवढ्या उंच जागेवरच बसायचं. पायरीवर बसलं तर उठता येत नाही, दोघांनी उचलावं लागतं. म्हणून चढण्याइतकाच महत्त्वाचा होता तो बाक. पहिल्या दिवशी अकरा पायऱ्या झाल्या आणि ती कठड्याला धरून लटकली. दुसऱ्या महिन्यात दोन मजले. तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूचा बुटांचा खण बरोबर तिच्या गुडघ्याएवढा होता. त्यावर ती बसायची. एकदा आतून तो बाहेर आला, तिला बघितलं, “बसा बसा,” म्हणाला आणि स्वतःचे बूट तिच्या पायांमधून ओढून काढून गेला.

दादा म्हणाला, “बिल्डिंगमध्ये लिफ्ट दिलीय ती काय शोभेला?”

“तिथं नाहीय ना.”

“पण इथं आहे!”

सातव्या महिन्याच्या शेवटी ती गच्चीच्या दाराशी पोचली. एकशे दहा. तिथं तिनं आधीच एक स्टूल नेऊन ठेवायला लावलं होतं. कडी उचलली, बसली. समोर पाण्याच्या टाक्या, तारा, कुणाच्या तरी वाळत घातलेल्या चादरी. घाम डोळ्यांत गेला होता, त्यातून ते सगळं थरथरत होतं. अर्धा तास ती टाक्यांकडे बघत बसली. संध्याकाळी तिनं पासपोर्टला फोन केला.

“पोचले रे.”

“कुठं?”

“बाकावर.”

पलीकडे कसले तरी कागद सारल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “वा, ताई. वा.”

रोजचा आकडा ती त्याला कळवत असे. रोज तो “वा” म्हणे.

आता एकच गोष्ट राहिली. बाकाची उंची. सोळा इंचांपेक्षा कमी असला तर बसून उठणं अवघड. इतक्या बारकाईनं सगळं विचारलं, हेच कसं राहिलं, म्हणून तिनं थेट किल्ल्याच्या कार्यालयाला लिहिलं: वळणावरच्या दगडी बाकाची उंची किती आहे?

नऊ दिवसांनी उत्तर आलं. पुतणीनं ते वाचून भाषांतर करून दिलं. सभ्य भाषेत लिहिलं होतं की वळणावर बाक नाही. कार्यालयात साठ वर्षांची नोंद आहे, त्यात तिथं कधीही बाक असल्याचं आढळत नाही. वाट अरुंद असून एका बाजूनं चढण्याची व दुसऱ्या बाजूनं उतरण्याची आहे. सुरक्षेसाठी मध्ये थांबण्यास किंवा आसन मांडण्यास मनाई आहे. आपल्या भेटीची आम्ही वाट पाहतो.

“आत्या, त्यांचं काही चुकलं असेल,” पुतणी म्हणाली.

“वहिनींना बोलाव.”

वहिनी हात पुसत आली.

“तुम्ही बाकावर बसला होतात ना, वहिनी?”

“कुठल्या?”

“किल्ल्याच्या. वळणावरच्या. गार होता म्हणालात.”

वहिनीनं पदराला हात पुसले. मघाच ते पुसून झाले होते. “इतकी वर्षं झाली, वन्सं. कुणाला आठवतं?”

“वर चढला होतात का?”

“यांचं पोट बिघडलं होतं त्या दिवशी. खालीच होतो. दुकानं होती, चहा होता...” मग एकदम तिचा आवाज चढला. “तुम्हीच इतक्या हौसेनं विचारलंत, बाकावर बसलात ना, बसलात ना. तोंडावर नाही कसं म्हणायचं? तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं. आता त्याचाही गुन्हा?”

“नाही,” ती म्हणाली. “गुन्हा नाही.”

तिनं चित्र भिंतीवरून काढायला लावलं आणि जुनी पुस्तिका काढून शेजारी ठेवली. चित्रात सरोवरावर तीन होड्या होत्या. फोटोतही तीन होत्या. एक पुढे, दोन मागे, मागच्या दोहोंतली एक किंचित तिरकी. फोटो किल्ल्याच्या माथ्यावरून काढलेला, चित्र म्हणे वळणावरून, आणि होड्या तसूभरही हलल्या नव्हत्या. मास्तर चढलेच नव्हते. खाली दुकानांत बसले, घरी येऊन पुस्तिकेतल्या फोटोवरून सरोवर काढलं, आणि तिच्या तोंडून ऐकलेला बाक त्याच्यासमोर ठेवला. कृतज्ञता म्हणून असेल. लाज म्हणून असेल. बावीस वर्षं ते तिच्या समोर होतं, आणि बारकाईनं बघणं हा तिचा धंदा होता.

आपलेच दात, आपलेच ओठ. दुसरं कुणी चावलं असतं तर ओरडता तरी आलं असतं.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी ती कचेरीत गेली. पुढच्या दारानं. तीन पायऱ्या चढली. रांगेत तीन माणसं होती, त्यांच्या मागे उभी राहिली. आता दोन्ही खिडक्या पासपोर्टच बघत होता. त्यानं तिला पाहिलं, हात वर केला, मग ती कुठल्या दारानं आली ते त्याच्या लक्षात आलं आणि हात हळूच खाली गेला.

खिडकीशी छत्री घेतलेले एक म्हातारे गृहस्थ होते. “त्या किल्ल्याचं एवढंच सांगा,” ते म्हणत होते, “वळणावर बाक नक्की आहे ना? मला दम लागतो.”

“आहे तर,” पासपोर्ट म्हणाला. तिच्याकडे न बघता. “छापलंय बघा.”

“नाहीये,” ती रांगेतून म्हणाली.

गृहस्थ वळले. “काय म्हणालात?”

“तिथं बाक नाही. कधीच नव्हता. मध्ये थांबूही देत नाहीत. तुम्ही वर जाऊ नका.”

“तुम्ही गेलाय का तिथे?”

हा प्रश्न तिनं किती हजार वेळा ऐकला असेल. या बाजूनं पहिल्यांदाच ऐकत होती.

“नाही,” ती म्हणाली.

“मग?”

त्यांची नजर खाली गेली. कुबडी, कॅलिपर, जाड तळव्याचा बूट. तिथं ती थोडी रेंगाळली, आणि वर आली तेव्हा मऊ झाली होती. “बाई, मी समजू शकतो,” ते हलक्या आवाजात म्हणाले. “आपल्याला जमत नाही की वाईट वाटतंच. पण म्हणून दुसऱ्यांना कशाला घाबरवायचं? इथं कागदावर छापलेलं आहे.” आणि त्यांनी नावनोंदणीच्या कागदावर सही केली.

तिच्यापुढचे दोघे आपापलं काम उरकून गेले. तोपर्यंत ती उभीच होती. खिडकीशी आली तेव्हा पासपोर्ट म्हणाला, “ताई, आत या ना. बसा. तुमची खुर्ची आहे.”

“तुला माहीत होतं?”

त्यानं चष्मा काढला. चष्मा काढला की तो फार म्हातारा दिसायचा. “सात जणांनी लिहिलं होतं. परत आल्यावरच्या अभिप्रायात. बाक सापडला नाही म्हणून.”

“बावीस वर्षांत सात?”

“बाकीचे चढले नसतील. नाहीतर दमून विसरले असतील. ते कागद मी तुमच्याकडे येऊ दिले नाहीत.”

“का?”

“किती प्रेमानं सांगायचात तुम्ही तो बाक. ऐकताना मलाही तिथं बसावंसं वाटायचं. कशाला तुमचं मन मोडायचं?”

“आणि हे आठ महिने? मी रोज तुला पायऱ्या सांगत होते.”

त्यानं चष्मा पुन्हा चढवला. त्याच्या कोपराखाली सहलीच्या खोल्यांची यादी होती. जुन्या सवयीनं तो ती अजून हातानं करायचा. एकवीस नावं निळ्या शाईत, ठळक. शेवटी तिचं नाव. पेन्सिलीनं.

तिनं ते पाहिलं, आणि त्यानं तिला ते पाहताना पाहिलं.

“मला वाटलं, ताई...” तो म्हणाला. पुढचे शब्द त्यानं काचेच्या भोकातून अगदी हळू दिले, पूर्वी फळीतून बडीशेप द्यायचा तसे. “मला वाटलं, तुम्ही काही खरंच जाणार नाही. नुसतं ठरवण्यातच तुम्हाला बरं वाटतंय. तर वाटू दे.”

कचेरीच्या भिंतीवर चित्राच्या जागी फिकट चौकोन राहिला होता. तिच्या उजव्या पायाला आता कंप सुटला होता. समोरच्या घड्याळात तिनं पाहिलं. आल्यापासून चौदा मिनिटं ती उभी होती. वहीत टिपून ठेवण्यासारखा आकडा होता.

“पेन दे,” ती म्हणाली.

“ताई, बाक नाहीये तिथं. चढून तुम्ही...”

“चढणार नाही. खाली बसेन. दुकानं आहेत म्हणे, चहा आहे.”

“मग कशाला जाता?”

“वळण खालून दिसतं. फोटो आहे तुझ्याकडे. बाक नाही हे बघायला पायऱ्या चढाव्या लागत नाहीत.” तिनं खिडकीखालून हात घालून यादी आपल्याकडे ओढली. “परत आल्यावर कुणी विचारलं, गेलाय का तिथे, तर हो म्हणता यायला हवं.”

त्यानं पेन दिलं. तिनं पेन्सिलीच्या अक्षरांवरून शाई फिरवली, सावकाश, एकेक वळण गिरवत, आणि नावापुढे कंसात लिहिलं: तळमजला. मग पेन परत केलं, कुबडी सावरली आणि वळली. दाराशी एक जोडपं आत येत होतं. बाईनं तिच्यासाठी दार धरलं आणि नवऱ्याला बाजूला ओढलं, “अहो, त्यांना जाऊ द्या आधी.”

तीन पायऱ्या. उतरताना त्या चढण्यापेक्षा कठीण असतात. ती उतरेपर्यंत ते दोघं दार धरून उभे राहिले, बघत.